राजा प्रसेनजिताचे ताट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गोंदिया शहरातून आमच्या वसतिगृहात आलेला इयत्ता नववीचा एक विद्यार्थी मैदानाच्या दोन फेऱ्यांतच धापा टाकू लागला. "तुझे पोट आधी पोहोचते, तू मागून येतोस," असे आम्ही सहज बोलून गेलो. मुले हसली. त्या रात्री तो भोजनगृहात आला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही.

भेटीच्या रविवारी त्याचे वडील आले, ते वेफर्स, बिस्किटे आणि थंड पेयांच्या बाटल्यांनी भरलेली पिशवी घेऊनच. आम्ही वजनाचा विषय काढताच ते म्हणाले, "सर, माझ्या बापाने पेजेवर दिवस काढले. पोरगा अंगाने भरला, हे पाहून आमचे डोळे निवतात." आम्ही निरुत्तर झालो. भाद्रपदात धानाची कोठी रिकामी झाली की अर्धपोटी झोपावे लागे, हे आम्हीही आमच्या आईच्या तोंडून ऐकले आहे. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या भूक आणि उष्टे अन्न आले, त्याला मुलाचा लठ्ठपणा सुबत्तेची खूण वाटला, तर नवल काय?

परंतु इतिहासाच्या शिक्षकाने वर्तमानही वाचला पाहिजे. २०२२ साली जगातील ५ ते १९ वयोगटातील सुमारे १६ कोटी मुले-मुली लठ्ठ होती; त्यांपैकी सुमारे सव्वा कोटी भारतातील. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले, की सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. मधुमेह आपल्याला कमी वजनावरच गाठतो, त्याचे हे एक कारण. हा आजार माणसाला किती झिजवतो, हे बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांवरून आपण जाणतो. अधिक मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि त्याभोवतीच्या ५० मीटर परिसरात विकण्यास २०२० च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. पण मायेने आणलेल्या पिशवीला कोणता नियम अडवणार?

संयुत्तनिकायात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकीत भगवान बुद्धांजवळ येऊन बसला. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही; मात्रा जाणून भोजन करण्याचा उपदेश केला. राजाने तो उपदेश रोज जेवताना एका तरुणाकडून म्हणवून घेतला आणि भात हळूहळू कमी केला. तो उपाशी राहिला नाही. ही कथा आम्ही वर्गात अनेकदा सांगितली होती. तिचा अर्थ मात्र आम्हांला त्या मुलाच्या रिकाम्या ताटाने शिकवला.

आम्ही वर्गासमोरच त्याची क्षमा मागितली. तेव्हापासून मुलांचे वजन एकांतात घेतले जाते. पाकिटावरील साखर-मेदाचे आकडे मुले स्वतः वाचतात. सायंकाळी शिक्षकही मैदानावर उतरतात. तो विद्यार्थी दहावीपर्यंत सडपातळ झाला नाही. पण न थांबता पाच फेऱ्या पूर्ण करू लागला आणि जेवणाच्या पंगतीत पुन्हा हसू लागला.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची एवढीच विनंती आहे. भेटीच्या रविवारी पाकिटांऐवजी पेरू आणा, भाजलेल्या शेंगा आणा आणि मुलाबरोबर मैदानाच्या दोन फेऱ्या चाला. आपल्या पूर्वजांना भुकेने छळले. आपल्या लेकरांना भरल्या ताटाने छळू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!