रायापुरात पोर्टचा शोध

हुबळी-धारवाडच्या मधोमध वसलेले रायापूर इस्कॉनच्या मंदिरामुळे सर्वांस परिचित आहे. तेथील आमच्या घरी परदेशस्थ व्याही यावयाचे होते आणि त्यांना आवडे ती पोर्तुगालची पोर्ट वाइन. गोव्याहून परतणारे स्नेही 'पोर्ट' म्हणून जी बाटली आणतात ती गोड व स्वस्त खरी. परंतु पोर्तुगालशी तिचे नाते बहुधा नावापुरतेच. (वडीलधाऱ्यांना तीत द्राक्षासवाची चव लागते, हा भाग निराळा!)

अस्सल पोर्ट डोरू नदीच्या खोऱ्यातली. त्या प्रदेशाची सीमा १७५६ सालीच आखली गेली. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचाच मद्यार्क मिसळून क्रिया थांबवितात. त्यामुळे गोडी शिल्लक राहते आणि तीव्रता वीस टक्क्यांच्या आसपास जाते. हुबळीतील दुकानांत विचारावे तर देशी बाटलीच पुढे येई. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षे १५० टक्के आयातशुल्क होते. इतके भरून क्वचित खपणारा माल कोण ठेवील?

अखेर आम्ही विजापूरकडील द्राक्षांची वाइन घेतली. तिच्यावर गाव तरी खरे लिहिले होते. व्याह्यांनी दुसरा पेला आपण होऊन मागितला.