आष्ट्याची लांबी

मोबाइलच्या कीबोर्डवर बॅकस्लॅश शोधायला दोनदा पान बदलावं लागतं. पायथन शिकताना मात्र तो पहिल्याच दिवशी लागतो. बॅकस्लॅशपुढे एन लिहिलं की ओळ मोडते. दोन्ही चिन्हं स्क्रीनवर उमटत नाहीत, पण काम करतात.

सुट्टीत भाच्यानं आमच्या गावाचं नाव छापलं: आष्टा. नीट उमटलं. लांबी विचारली, तर उत्तर ५.

"मामा, दोनच अक्षरं हाईत की!"

आपल्याला दोनच दिसतात. युनिकोड मोजतं आ, ष, हलन्त, ट आणि काना. शाळेत 'ष'चा पाय मोडायचो, तो हलन्तही बॅकस्लॅशच्याच जातीचा. जोडाक्षरात स्वतः दिसत नाही, शेजारी जोडून देतो. सी भाषेत मोजलं तर १५, कारण यूटीएफ-८ मध्ये यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. नाव उलटं छापलं तेव्हा काना टिंबांच्या वर्तुळाला लटकत सगळ्यात पुढे आला. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

आईच्या दुधाच्या पावतीवरचं नाव मात्र हसण्यासारखं नाही. ते वर्षानुवर्षं जोडाक्षरातच तुटलेलं येतं, शेवटी लंगडा हलन्त. कुणीतरी जागा ठरवताना अक्षरं नाही, चिन्हं मोजली असणार. आई खाते नंबरावरून पावती ओळखते.

भाच्याला तेवढंच काम दिलंय: नाव कापायच्या आधी मागं हलन्त किंवा पुढं हलन्त वा मात्रा आहे का बघ. असेल तर एक घर मागं सरक, आणि पुन्हा बघ.