पुढच्या जागेचा पास

हॉकीचा विषय निघाला की गावातली जुनी मंडळी ध्यानचंदांचे नाव घेतात, १९२८ चे ॲमस्टरडॅम आणि १९३६ चे बर्लिन काढतात, अन् बोलतात ते सारे गोलांविषयी. गोलापर्यंत चेंडू आला कसा, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते अर्धी हॉकी पास देण्यात आहे आणि उरलेली तो घेण्यात.

नोकरी शेतीविस्ताराची असली तरी रविवारी सकाळी मी एका गावच्या शाळेत मुलींना हॉकी शिकवतो. सुरुवात 'पुश'ने. डावा हात स्टिकच्या वरच्या टोकाला, उजवा साधारण मध्यावर. डावखुऱ्यांनाही यातून सुटका नाही; स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि खेळायचे त्याच बाजूने. डावा पाय पुढे, डावा खांदा जिकडे चेंडू द्यायचा तिकडे, गुडघे वाकलेले. स्टिक चेंडूला टेकलेलीच ठेवायची, मागे उगारायची नाही. मग उजव्या हाताने ढकलायचे आणि डाव्याने वरचे टोक किंचित मागे ओढायचे. पहारीने धोंडा हलवतो, त्यातलाच प्रकार. अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्यावर आला की पोर कितीही बारीक असो, चेंडू सुटतो. खडबडीत मैदानावर जोराचा फटका उसळून नडगी फोडतो, म्हणून पुशच बरा. (१९७६ च्या माँट्रियलपासून ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम गवतावर गेली, आमच्याकडे पाणी मारून रोलर फिरवला तरी पुष्कळ.)

घेणारीने स्टिक जमिनीला टेकवून जागा दाखवायची, दांडा थोडा पुढे झुकवायचा आणि हात सैल सोडायचे. पडती कैरी झेलताना हात खाली नेतो ना, तसे. तुमच्या पोरांच्या शाळेत स्टिका असतील तर एवढे करून पाहा.

आमच्यात दोन चुलतबहिणी आहेत. बांधावरून दोघींच्या वडिलांचे बोलणे चार वर्षे बंद. पोरी सगळ्यांना पास देत, एकमेकींना नाही. मी काही समजावायला गेलो नाही. आठ पावलांवर दोघींना समोरासमोर उभे केले. थोरलीने पहिले चार चेंडू मुद्दाम धाकटीच्या पायावर घातले. पाचव्याला धाकटीने न बोलता आपल्या उजव्या अंगाला स्टिक टेकवली. चेंडू नेमका तिथे आला.

गेल्या रविवारी थोरलीचे वडील कुंपणाशी आले. कपाशीत बोंडअळीसाठी कामगंध सापळे किती लावू, म्हणाले; डोळे मात्र मैदानावर. "हेक्टरी पाच," मी सांगितले.

"साहेब, आमची ही चेंडू तिच्याकडं न देता पुढं मोकळ्यात का टाकतीय?"

"भाऊ, चालत्या ट्रॉलीत पेंढी टाकताना ट्रॉली आत्ता आहे तिथे टाकता का?"

ते हसले नाहीत. पण धाकटी धावत चेंडूपर्यंत पोचेतो बघत राहिले.

बांधाची मोजणी अजून झालेली नाही. येत्या रविवारी शेजारच्या गावाशी सामना आहे. दोघी उजव्या बाजूला खेळतील, थोरली मधल्या फळीत, धाकटी पुढे.