अंशतः खरे आहे

माझ्या पगाराच्या स्लिपवर वजावटीच्या रकान्यात ‘पीटी’ अशी एक ओळ असते. दर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० झाले की थांबतं, कारण त्याहून जास्त हा कर घ्यायला राज्यघटनेची परवानगी नाही. हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात मार्च आला की माणसं इन्कम टॅक्सवर चहाचे चार-चार कप संपवतात. या ओळीबद्दल कुणी बोलताना मी अजून ऐकलेलं नाही. हा व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो १९७५ साली आला, आणि आला तोच रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदारानं महिन्याला थोडं द्यायचं, असे आणखी काही कर जमवायचे, त्यात सरकारनं आपल्या तिजोरीतून तितकीच भर घालायची आणि खेड्यातल्या माणसाला मागेल तेव्हा काम द्यायचं, असा तो हिशोब.

त्या हिशोबाच्या दुसऱ्या टोकाला माझी आजी होती. १९७२ च्या दुष्काळात ती बावीस वर्षांची. माझे वडील चार वर्षांचे, आणि तात्या, म्हणजे माझे चुलते, काखेत. तासगाव तालुक्याच्या पूर्व अंगाला आमचं गाव. आज तिकडे द्राक्षाच्या बागा आणि बेदाण्याची शेडं दिसतात. तेव्हा कुसळं होती. आजी आधी खडी फोडायला गेली, मग पाझर तलावाच्या मातीकामावर. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हा आकडा मी तिला सांगितला तेव्हा ती म्हणाली, “असतील. आमच्या तळ्यावर दोनशे होतो.” तिथं मिळणारी सुकडी ती पदरात बांधून घरी आणायची. मिलोच्या लाल भाकरीचा विषय निघाला की अजूनही तिचं तोंड वाकडं होतं. दुष्काळ सरल्यावरही बरीच वर्षं ती उन्हाळ्यात ‘हमी’वर जात राहिली. त्या मजुरीतून वडील शिकले, एसटीत कंडक्टर झाले, साताऱ्याच्या डेपोत लागले. म्हणून मी वाढले साताऱ्यात आणि गाव माझ्यासाठी सुट्टीचं: कऱ्हाडला गाडी बदलायची, विट्याकडे वळलं की खिडकीतला ऊस विरळ होत जायचा आणि आई रुमालानं नाक झाकायला सांगायची.

ही योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते वि. स. पागे विसापूरचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले. हा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, मग ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० पासून सांगली. पागे त्याच १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. अठरा वर्षं. १९६५ साली तासगाव तालुक्यात त्यांनी योजनेचा पहिला प्रयोग केला. सभापतीनं सभागृहातल्या चर्चेत उतरायचं नसतं; त्यानं दुसऱ्यांना बोलू द्यायचं आणि खाली बसवायचं. तरीही महाराष्ट्रातला हा सगळ्यात मोठा कायदा अशा खुर्चीतल्या माणसानं घडवून आणला, याचं मला फार कुतूहल आहे. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, दोन्ही सभागृहांनी एकमतानं केलेला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. अंगमेहनतीचं काम मागणाऱ्या गावातल्या कुठल्याही प्रौढ माणसाला पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता किती, तर दिवसाला किमान एक रुपया. रक्कम बघून हसू येतं. पण काम मागणं हा हक्क आहे असं लिहून देणारा कायदा देशात दुसरीकडे नव्हता. केंद्राचा कायदा यायला २००५ साल उजाडलं, आणि त्यात वर्षाला शंभर दिवसांची मर्यादा आली, जी आमच्या कायद्यात नव्हती.

आजीला पागे माहीत नाहीत. तिला मुकादमाचं नाव आठवतं, त्याच्या बायकोचंही.

हे सगळं मी वाचायला लागले तात्यांच्या विहिरीमुळे. तीन वर्षांपूर्वी तात्यांना रोजगार हमीतून सिंचन विहीर मंजूर झाली. आजीनं माती वाहिलेला तो पाझर तलाव अजून आहे, अर्धा गाळानं भरलेला, आणि त्याच्या खालच्या अंगाला आमचं दीड एकर. विहीर तिथंच. पाणी लागलं, चांगलं लागलं. पण या योजनेत खर्चाचे दोन भाग असतात. मजुरी म्हणजे ‘अकुशल’, ती मजुरांच्या खात्यात परस्पर जाते. सिमेंट, खडी, लोखंड म्हणजे ‘कुशल’, त्याचं बिल नंतर निघतं. साठ-चाळीसचं प्रमाण. तात्यांची मजुरी निघाली, कुशलचं बिल निघालं नाही. बांधकाम अर्धं ठेवलं तर पावसाळ्यात कडा ढासळतात, म्हणून त्यांनी व्याजानं पैसे काढून कडं पूर्ण केलं. तेव्हापासून ते दर पंधरा दिवसांनी तालुक्याला चकरा मारतात. तिथं उत्तर ठरलेलं: वरून निधी नाही. ‘वर’ म्हणजे नक्की कुठं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

मग कुणाकडून तरी त्यांना कळलं की विहिरींच्या थकलेल्या बिलांवर विधानसभेत प्रश्न लागलाय. त्यांनी मला फोन केला. “तू पुण्यातच हाईस. बघून ये जा की काय म्हणत्यात.” पुण्यातून मुंबई म्हणजे त्यांच्या लेखी विट्यातून तासगाव. मी रजा टाकली. मैत्रिणीच्या ओळखीनं प्रेक्षक सज्जाचा पास मिळाला.

सकाळी साडेदहाला विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधक फलक धरून घोषणा देत होते आणि समोर कॅमेरे होते. पंधरा मिनिटांनी कॅमेरे हलले तसे फलकही खाली आले. फोन खाली जमा केला, तीन ठिकाणी पास दाखवला, वर गेले. टीव्हीवर सभागृहाचा एक तुकडाच दिसतो, बोलणाऱ्याचा. वरून सगळं दिसतं: कोण कुणाच्या बाकावर जाऊन कानात काय बोलतंय, मंत्र्यांच्या दिशेनं चिठ्ठ्या कशा सरकतायत. अकरा वाजता अध्यक्ष आले, सगळे उभे राहिले, बसले, प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला.

तारांकित प्रश्नांची छापील यादी असते आणि तिची भाषा बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. अमुक झाले आहे, हे खरे आहे काय. असल्यास, त्याबाबत चौकशी केली आहे काय. असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? माझा दिवस हेच लिहिण्यात जातो, फक्त इंग्रजीतून. असल्यास-नसल्यास. आणि उत्तरंही तितकीच आखीव: ‘होय’, ‘नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिलं उत्तर ‘नाही’ आलं की खालचे सगळे प्रश्न एका दमात उद्भवायचे बंद होतात. ज्या कुणी हा साचा घडवला तो चांगला प्रोग्रॅमर झाला असता.

पण छापील उत्तर फक्त सुरुवात असते. खरी गंमत उपप्रश्नांत. पहिल्याच प्रश्नाला पंचवीस मिनिटं गेली. एकेक सदस्य उठतो, आपल्या मतदारसंघाचं नाव कसंतरी त्यात ओवतो, शेवटी विचारतो, “चौकशी करणार का, आणि किती दिवसांत?” मंत्री म्हणतात, “तपासून घेतो.” फारच रेटा आला तर, “माझ्या दालनात बैठक लावतो.” बैठक लावतो म्हटलं की उठलेला माणूस बसतो. असं तीनदा झालं आणि मला कळलं की इथं बैठक हीच पावती आहे. ती घेऊन सदस्य गावी जाऊ शकतो.

हे सगळं नाटक आहे असं म्हणणं सोपं आहे, आणि माझ्या वयाची पोरं ते म्हणतातच. मला तसं वाटलं नाही. दुसऱ्या प्रश्नावर एका सदस्यानं मंत्र्यांच्या उत्तरातली एक तारीख दुसऱ्या तारखेशी जुळत नाही हे दाखवलं, तेव्हा अधिकाऱ्यांच्या सज्जात जी कागदांची सळसळ झाली ती खरी होती. कुठल्यातरी जिल्ह्यातल्या फायलीवरची धूळ त्या क्षणी झटकली गेली असणार. पण त्यासाठी प्रश्न वेळेत यावा लागतो. तात्यांचा प्रश्न यादीत अकरावा होता. तास संपला तेव्हा सभागृह चौथ्यावर होतं.

उरलेल्या प्रश्नांची उत्तरं छापील पटलावर ठेवली जातात. मला तेव्हाच उठता आलं असतं. पण रजा टाकलेली होती, म्हणून बसून राहिले. लक्षवेधी सूचना झाल्या, मधे वीस मिनिटं कशावरून तरी गोंधळ झाला, कामकाज थांबलं, पुन्हा सुरू झालं. दुपारी एक विधेयक आलं. जे अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. खंडामागून खंड, होयचे बहुमत, संमत. बाजूच्या काकांनी घड्याळ बघून मला सांगितलं, “सहा मिनिटं.” ते कुठूनसे दर अधिवेशनाला येतात म्हणाले, त्यांना हा छंदच आहे.

संध्याकाळी २८८ पैकी जेमतेम वीस-पंचवीस जण उरले असतील. त्यात एक सदस्य उभे राहून आपल्या भागातल्या एका पुलाबद्दल बोलत होते. आवाज चढवत नव्हते. शाळेची पोरं पावसाळ्यात कुठून जातात, वळसा किती किलोमीटरचा पडतो, निविदा कितीदा निघाली, सगळं तोंडपाठ. कॅमेऱ्यासाठी हे नव्हतं, त्या वेळी बातमी कुणी करत नाही. मंत्री लिहून घेत होते. आणि खाली मधोमध बसलेले प्रतिवेदक पाळी बदलत शब्दन्‌शब्द टिपत होते. सकाळच्या गोंधळाला आणि या पुलाला सारखीच मेहनत.

त्या टिपणांचंच कार्यवृत्त होतं. वेबसाइटवर त्याच्या डोक्यावर ‘असुधारित प्रत’ असं छापलेलं असतं. आरडाओरड कंसात येते: (अडथळा), (गोंधळ). मला हे कंस फार आवडतात. शंभर माणसं एकदम ओरडली तरी कागदावर त्यांना एकच शब्द.

अकराव्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर मिळालं. मी रात्री तात्यांना फोन लावला आणि वाचून दाखवलं. काही जिल्ह्यांत सिंचन विहिरींची कुशल बाबींची देयके प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय? अंशतः खरे आहे. निधीच्या उपलब्धतेनुसार देयके अदा करण्याची कार्यवाही सुरू आहे. विलंबाची कारणे? प्रश्न उद्भवत नाही.

तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अंशतः म्हंजी? आपली हीर त्यात धरली का न्हाई?”

मी म्हटलं, तसं त्यावरून सांगता येत नाही.

“तालुक्याला ह्येच सांगत्यात. पर कागुद न्हाई देत. तू ह्यो कागुद पाठव.” मी पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या दोन प्रती काढल्या, एक अर्जाला जोडून तालुक्याला दिली आणि पोच घेतली. कार्यवाही सुरू आहे असं खुद्द विधानसभेत सांगितलंय, तर ती कुठवर आलीय ते लेखी कळवा, असा अर्ज. भाषा त्यांनी गावातल्या निवृत्त गुरुजींकडून करून घेतली. शेवटची ओळ गुरुजींनी घातलेली: ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ बिल अजून निघालेलं नाही. पण आता चकरा मारताना त्यांच्या हातात पोच असते, आणि परवा म्हणे साहेबांनी पहिल्यांदा बसायला खुर्ची दिली.

गावी गेले तेव्हा आजीनं दिवसभराचं सगळं खोदून विचारलं. किती माणसं होती, बायका किती, जेवायला सुट्टी कधी. मी सांगत गेले. बायका मी मोजल्या होत्या. आकडा ऐकून तिनं नुसतं ‘हं’ केलं. मग तिनं विचारलं, “तिथं मस्टर कोन भरतं?”

मी म्हटलं, एक वही असते, सदस्य येऊन आपापली सही करतात.

“आपली आपण?” आजी म्हणाली, आणि तात्यांकडे बघून इतकी हसली की तिला ठसका लागला.