लंडनची चहाबस आणि जकनूरचे अंगडी

लंडनमध्ये चहा पाजत शहर दाखवणाऱ्या बसगाड्या आहेत. लाल, दुमजली, ‘रूटमास्टर’ जातीच्या. १९५४ ते १९६८ या काळात अशा २,८७६ गाड्या बांधल्या गेल्या. मागच्या बाजूला उघडी पायरी आणि तिथे उभा कंडक्टर, हे त्यांचे रूप जगभर चित्रांतून पोहोचले. डिसेंबर २००५ मध्ये त्या रोजच्या मार्गांवरून निघाल्या. मग काही भंगारात गेल्या, काही लग्नकार्यांना भाड्याने जाऊ लागल्या आणि काहींच्या बाकांमध्ये टेबले बसवून त्यांचे फिरते उपाहारगृह झाले. यातल्या काही फेऱ्यांना एखादा विषय दिलेला असतो. आम्ही उभयता बसलो ती फेरी संगीताची होती. साठच्या दशकातली इंग्रजी गाणी, खिडकीबाहेर ती गाणी जिथे वाढली ते शहर, आणि पुढ्यात चहा.

तिकीट माणशी पन्नास पौंडांच्या घरात. परदेशात रुपयांत हिशेब करू नये असे सगळेच सांगतात आणि प्रत्येक जण तो करतोच. सौ.ने तो बस सुटायच्या आत पूर्ण केला: एवढ्यात आपल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये वर्षभराचा चहा होतो. पुढचा दीड तास त्यामुळे आम्ही एकही कण टाकला नाही.

चालत्या बसमध्ये चहा सांडत कसा नाही, हे मला गाण्यांच्याही आधी पाहायचे होते. उत्तर अगदी साधे निघाले. टेबलाला खाच पाडलेली, कप त्यात घट्ट बसलेला आणि कपावर झाकण. इंग्रजांच्या नाजूक चिनी मातीच्या कपबशीला या बसमध्ये जागा नाही. ड्रायव्हर ब्रेक लावतो तेव्हा वरच्या मजल्यावर सगळ्यांचे हात एकाच वेळी आपापल्या झाकणावर जातात, हे दृश्य मात्र पाहण्यासारखे. सोबत तीन मजली तबक येते. खाली काकडीची वगैरे चिमुकली सँडविचे, मधे स्कोन नावाचा खुसखुशीत पाव, वर रंगीबेरंगी केक. स्कोनवर घट्ट साय आणि जॅम लावतात. आधी साय की आधी जॅम यावरून डेव्हन आणि कॉर्नवॉल या शेजारी परगण्यांत जुना वाद आहे. डेव्हनचे लोक साय आधी लावतात, कॉर्नवॉलचे जॅम. सीमाभागातल्या माणसाला अशा वादांचे अप्रूप नसते. मी एका अर्ध्यावर साय आधी लावली, दुसऱ्यावर जॅम. दुपारच्या या चहाची प्रथा १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस अ‍ॅनाने पाडली असे मानतात. दुपारचे जेवण आणि रात्रीचे उशिराचे जेवण यांच्यामध्ये बाईसाहेबांना भूक लागे. आपल्याकडे चार वाजता भडंग-चहा होतो तो याच कारणाने, फक्त त्याचा शोध कुणी लावला हे आपण लिहून ठेवलेले नाही.

आमच्या पुढच्या टेबलावर साठी ओलांडलेल्या पाच मैत्रिणी होत्या. त्यातल्या एकीचा वाढदिवस. बस ट्रॅफल्गार चौकातून निघाली तेव्हा त्या शांत होत्या. पहिले गाणे लागले आणि पाचही जणी शब्द न चुकता गाऊ लागल्या. त्यांच्या तोंडची गाणी ऐकताना मला आपल्याकडच्या रेडिओसमोर बसणाऱ्या मावश्या आठवल्या. गाणे अगदी वेगळे, पण तोंडावरचा भाव तोच.

माइकवरची तरुण मुलगी हसतमुख होती आणि तिला माहितीही बरीच होती. पार्लमेंट, पूल, राजवाडा हे सारे तिने चटकन आटोपले, कारण ते सगळ्यांनी पाहिलेले. हाइड पार्कच्या दक्षिणेला रॉयल अल्बर्ट हॉल आला तेव्हा ती रंगात आली. १८७१ मध्ये उघडलेली ही गोल, लाल विटांची इमारत. १९४१ पासून उन्हाळ्यातले ‘प्रॉम्स’ संगीतसत्र इथे भरते. त्याचे आधीचे क्वीन्स हॉल हे घर जर्मन बॉम्बहल्ल्यात जळाले होते. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स एकाच कार्यक्रमात इथे गायले. हे सारे तिने सांगितले. मार्च १९७४ मध्ये याच मंचावर लता मंगेशकर गायल्या आणि त्यांची ओळख दिलीपकुमारांनी करून दिली, हे तिने सांगितले नाही. ते तिच्या कागदावर नसणार. सौ.ने मात्र हॉल दिसेनासा होईपर्यंत मान वळवून ठेवली होती.

पुढे रीजंट स्ट्रीट. या रस्त्याच्या मागे सॅव्हिल रो नावाची शिंप्यांची गल्ली आहे. तिथल्या ३ नंबरच्या इमारतीच्या गच्चीवर ३० जानेवारी १९६९ रोजी बीटल्सनी शेवटचा जाहीर कार्यक्रम केला आणि गर्दी जमल्यामुळे पोलीस वर आले. ही हकीकत मुलीने फार छान सांगितली. त्याच ओघात ती म्हणाली, की मधल्या काळात जॉर्ज हॅरिसनला सतार सापडली आणि बीटल्सचे संगीत बदलले. एवढे बोलून तिने पुढचे गाणे लावले.

सापडली म्हणजे कशी? पावसात भिजलेली, रस्त्याच्या कडेला? या एका वाक्यामुळे दुसऱ्या दिवशी मी भुयारी रेल्वेची ज्युबिली लाइन धरून सेंट जॉन्स वुडला उतरलो. आमची चहाबस त्या बाजूला गेली नव्हती. स्टेशनपासून पाच-सात मिनिटे चालले की अ‍ॅबी रोड. ३ नंबरच्या पांढऱ्या घरात १९३१ पासून ध्वनिमुद्रण होते. समोरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या क्रॉसिंगवर ८ ऑगस्ट १९६९ रोजी चौघांचा तो प्रसिद्ध फोटो निघाला. २०१० साली हे क्रॉसिंग चक्क संरक्षित वारसास्थळ झाले. दिवसभर तिथे माणसे चार-चार जणांच्या ओळीने रस्ता ओलांडतात आणि मोटारवाले सवयीने थांबतात.

ऑक्टोबर १९६५ मध्ये याच स्टुडिओत हॅरिसनने प्रथम एका गाण्यात सतार वाजवली. ती त्याने ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या भारतीय वस्तूंच्या दुकानातून घेतली होती. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिची तार तुटली. आता लंडनमध्ये सतारीची तार आणायची कुठून? चौकशी करता करता फोन गेला तो ‘एशियन म्युझिक सर्कल’ या संस्थेला. तिचे चालक होते अयन अंगडी.

हे आडनाव बेळगावच्या माणसाला नवे नाही. अंगडी म्हणजे कानडीत दुकान. अयन अंगडी आजच्या कर्नाटकातल्या जकनूर गावचे. १९२४ मध्ये शिकायला लंडनला गेले आणि तिथलेच झाले. त्यांनी आणि त्यांच्या इंग्रज पत्नी पॅट्रिशिया यांनी चालवलेल्या या संस्थेचे अध्यक्षपद व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्याकडे होते. उत्तर लंडनमधल्या फिंचली भागातले त्यांचे घर म्हणजे भारतीय कलावंतांचा उताराच होता. तारेच्या निमित्ताने हॅरिसनची या घराशी ओळख झाली आणि १९६६ मध्ये पंडित रविशंकर त्याला प्रथम भेटले तेही इथेच. सतार सापडली ती अशी, एका कानडी माणसाच्या घरातून.

पुढची गोष्ट मला अधिक आवडते. एप्रिल १९६६ मध्ये हॅरिसनला एका गाण्यासाठी तबला हवा होता. अंगडींनी एका तबलजीला फोन करून संध्याकाळी मोकळे आहात का, एवढेच विचारले. तबलजीचे नाव अनिल भागवत. कुणासाठी वाजवायचे हे त्यांना सांगितलेच नव्हते. न्यायला रोल्स रॉइस आली तेव्हा उलगडा झाला. स्टुडिओबाहेर पोरींची गर्दी होती आणि त्या थर्मास, केक, सँडविचे घेऊन बीटल्सच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या, अशी आठवण भागवतांनी पुढे सांगितली आहे. म्हणजे या फाटकाशी तेव्हाही चहाचा सरंजाम होता, फक्त फुकट. ‘लव्ह यू टू’ या त्या गाण्यात भागवतांचा तबला आहे आणि ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीच्या वेष्टनावर त्यांचे नावही छापले आहे.

सगळ्यांच्या वाट्याला एवढेही आले नाही. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या जगप्रसिद्ध तबकडीत ‘विदिन यू विदाउट यू’ हे गाणे आहे. त्यात दिलरुबा आहे, तबला आहे, तंबोरा आहे. वाजवणारे एशियन म्युझिक सर्कलमधून आले. वेष्टनावर त्यांच्यापैकी कुणाचेच नाव नाही. नावे फार उशिरा उजेडात आली: दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कन्सारा. शेवटच्या दोघांचा शोध तर तबकडीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१७ साली लागला. भागवत काय, जोशी काय, ही नावे आपल्याकडे कुठल्याही गल्लीत हाक मारली तर कुणीतरी ‘ओ’ देईल अशी.

गंमत अशी, की दारावरच्या नावाची लंडनइतकी काळजी घेणारे शहर मी दुसरे पाहिले नाही. कोण कुठल्या घरात राहिले हे सांगणारे गोल निळे फलक इथे १८६७ पासून लागत आहेत. ब्रुक स्ट्रीटवर २५ नंबरला अठराव्या शतकातला हँडल राहत होता आणि भिंतीपलीकडे २३ नंबरला १९६८-६९ मध्ये गिटारवाला जिमी हेंड्रिक्स. दोघांचेही फलक शेजारी शेजारी आहेत. आपल्याकडे धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूरांचे आणि हुबळीला गंगूबाईंचे घर जपले आहे, पण कुमार गंधर्वांचे सुळेभावी बेळगावपासून इतके जवळ असून तिकडे किती बेळगावकर गेले आहेत? मिरजेच्या ज्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तंबोरे घडतात, ज्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गल्लीतून आपण स्टेशनकडे जाताना मान तरी वर करतो का? तार तिथे कधीच तुटून राहत नाही.

क्रॉसिंगजवळ मी तासभर होतो. स्टुडिओच्या पुढची बुटकी भिंत येणाऱ्याजाणाऱ्यांनी लिहिलेल्या मजकुराने भरून गेलेली असते आणि ती अधूनमधून पांढरी रंगवतात. जपानी, स्पॅनिश, रशियन, सगळ्या लिपी. मी वाकून देवनागरी शोधत होतो तेव्हा एका ब्राझीलच्या मुलाने आपल्या चौघांचा फोटो काढाल का असे विचारले. काढला. मग त्याला भागवतांची ती रोल्स रॉइसची गोष्ट सांगितली. त्याने नाव पुन्हा विचारले, स्पेलिंग विचारले, आणि पेन काढून भिंतीवरच लिहून टाकले.