हिशेबी त्रिशूल

‘त्रिशूल’ आवाज चढवून बोलत नाही. ज्याचं वाटोळं करायचं त्याच्याच केबिनमध्ये जाणार, समोरची खुर्ची ओढून बसणार आणि शांतपणे भाव विचारणार. खिशात पाच पैसे नसताना पाच लाखांचा सौदा करून उठणार. हा १९७८ साली आला तेव्हा हिंदी सिनेमात सूड म्हटला की घोडा लागायचा, बंदूक लागायची, नाहीतर बंदरावरची गोदी. या पठ्ठ्याने बांधकामाची टेंडरं निवडली.

घराणं मोठं. दिग्दर्शक यश चोप्रा, निर्माते गुलशन राय, लेखक सलीम-जावेद. तीन वर्षं आधीचा ‘दीवार’ हा त्याचा सख्खा थोरला भाऊ; आईच्या कष्टांची धग दोघांनाही सारखीच. आजोळ मात्र ‘कभी कभी’चं. खय्याम आणि साहिर तिकडचे, आणि अमिताभ, शशी कपूर, राखी, वहिदाही तिथूनच आलेले. म्हणूनच असेल, एवढा रुक्ष धंदेवाईक माणूस मधूनच हळवं गातो.

वयाच्या बाबतीत याचा हिशेब कच्चा. बाप झालेले संजीव कुमार, मुलगा झालेले शशी कपूर आणि अमिताभची आई झालेल्या वहिदा रेहमान, तिघेही १९३८ सालचे. दोनच वर्षांपूर्वी वहिदा अमिताभच्या बायकोच्या भूमिकेत होत्या. पण संजीव कुमार कानशिलं पांढरी करून खुर्चीत बसले की जन्मसाल तपासायची कुणाची हिंमत होत नाही.

पैशात मात्र हा पक्का. बापाने, म्हणजे राजकुमार गुप्ताने, शांतीवर प्रेम केलं आणि लग्न श्रीमंताच्या मुलीशी केलं. त्यातून कंपनी मिळाली, इमारती उभ्या राहिल्या. शांतीच्या पोटचा विजय सुरुंग लावायच्या कामावर वाढला. वात पेटवून सावकाश चालत येणारा तो तरुण आई गेल्यावर दिल्लीत येतो, तो थेट गुप्ताच्या दारात. तिथे त्याला मिळतो गुंडांनी बळकावलेला प्लॉट. तो खाली करून घ्यायला विजय निघतो तेव्हा सोबत अँब्युलन्स घेऊन जातो, आणि ती स्वतःसाठी नसते. मारामारीचा खर्चसुद्धा याने आधीच अंदाजपत्रकात धरलेला असतो! थेटरात शिट्ट्या पडायच्या त्या ठोशांआधी या तयारीला.

पुढे ‘शांती कन्स्ट्रक्शन्स’ची पाटी लागते आणि गुप्ताची टेंडरं एकामागून एक हातची जाऊ लागतात. आकडे फोडल्याच्या संशयावरून गुप्ता सेक्रेटरी गीताला काढतो, विजय तिला ठेवून घेतो. गुप्ताचा मुलगा शेखर आणि शीतलचं जमत आलं की मध्ये पाचर मारतो. गुप्ताच्या मुलीचं रवीवर, म्हणजे आपल्या सचिन पिळगावकरवर, प्रेम आहे कळताच त्यांच्या पाठीशी उभा राहतो. बापाला ते लग्न खुपणार, एवढं कारण त्याला पुरतं. माणसं त्याच्या वहीत जमा-खर्चाच्या रकान्यांत जाऊन बसतात. बाकीचे प्रेमाचं गुणगान गातात त्याच गाण्यात हा प्रेमाला निकामी ठरवतो. गुप्ताने तरुणपणी नेमकं हेच केलं होतं, फक्त गाणं न म्हणता.

शेवटाकडे मात्र त्रिशूलचा धीर सुटतो. बाजारात सुरू झालेलं भांडण बाजारातच मिटवायचं सोडून तो पिस्तूल काढतो. गुप्ता विजयला संपवायला माणूस नेमतो आणि मुलाची ओळख पटल्यावर त्याच्यासाठीची गोळी स्वतः झेलतो. मरणारा बाप माफी मागतो, मुलाला ती द्यावीच लागते. सगळा तोटा एका गोळीत माफ! इतका वेळ पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्याला हे शोभत नाही.

तरी याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शांतीला हा देव्हाऱ्यात बसवत नाही. गुप्ताकडे तिने एक पैसा मागितला नाही, पण दगड वाहताना ती पोराला जे गाणं ऐकवते ते अंगाईसारखं सुरू होऊन कर्जाची आठवण करून देतं. वसुली तिने मुलाच्या नावावर चढवलेली आहे. विजयला स्वतःला आयुष्यात काय हवं होतं, हे अख्ख्या सिनेमात त्याला कुणी विचारत नाही, तोही कुणाला सांगत नाही. त्याची महत्त्वाकांक्षा जन्मापासून गहाण पडलेली. बापाने हावेपायी एका बाईला टाकलं आणि त्या बाईने दुखावल्यापोटी मुलाला कामाला लावलं. त्रिशूल दोन्ही व्यवहार एकाच वहीत मांडतो. चाहते संवाद पाठ म्हणतात तेव्हा दुसऱ्या व्यवहाराचं पान उलटून पुढे जातात, पण त्याने ते फाडलेलं नाही.