नाडीचा काच

पालम भागात कापूस वेचणीच्या दिवसांत बाईच्या कमरेवर काय काय असतं ते बघा: परकराची नाडी, तिच्यात खोचलेल्या निऱ्या, वरून कापसानं भरत जाणारं फडकं, शिवाय घाम आणि धूळ. नाडीखाली काळा पट्टा पडतो, आग होते, कातडीला भेगा पडतात. याला कुणी दुखणं म्हणतच नाही. मला वाटतं, इथं मलमाआधी शिलाई बदलायला हवी. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन वयस्क स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षं काचून कमरेला जखम झाली, ती भरेना, आणि तिथंच त्वचेचा कर्करोग निघाला. त्यातली एक परकर न घालता लुगडंच आवळून नेसायची. म्हणजे दोष परकराचा नाही, आवळण्याचा. पुरुषांचंही तेच, धोतराच्या काचानं होणाऱ्या कर्करोगाबद्दल खानोलकर आणि सूर्याबाई या संशोधकांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलंय.

इतक्या दुर्मिळ आजाराचा बाऊ कशाला, असं कुणी म्हणेल. कर्करोग दुर्मिळ आहे हे कबूल. रोजची आग दुर्मिळ नाही, आणि माझा मुद्दा तिच्यापुरताच आहे. खरा आक्षेप वेगळा आहे: सैल बांधलं तर खुरपताना साडी सुटते. अगदी बरोबर, म्हणूनच ‘सैल बांधा’ हा सल्ला शेतात टिकत नाही. पण अर्ध्या सेंटिमीटरच्या नाडीऐवजी पाच सेंटिमीटरचा सुती पट्टा तेवढ्याच ताणानं बांधला, तर दाब दहाव्या हिश्श्यावर येतो आणि पकड सुटत नाही. नुसता नेफा रुंद करून भागत नाही, कारण आत बारीक नाडीच असेल तर काचते तीच. अरुंद इलॅस्टिकचीही तीच गत. गाठीची जागा तर सगळ्यात वाईट: परकराची चीर नेमकी तिथंच उघडी, त्यामुळे गाठ थेट कातडीवर बसते. त्या चिरेला आतून मऊ कापडाची पट्टी लावावी, गाठीऐवजी हुकांच्या दोन-तीन ओळी द्याव्यात. जेवणानंतर किंवा गरोदरपणात एक ओळ पुढे सरकता येतं. खर्च म्हणाल तर कापडाची एक पट्टी, थोडे हुक आणि जास्तीची शिलाई. तयार परकर घेतलेला असला तरी गल्लीतली शिवणकाम करणारी बाई त्याची नाडी काढून पट्टा बसवून देऊ शकते.